वीत आणि दोन बोटं

अमेरिकन यूट्यूबवर ‘कॅम्पर’ म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या वऱ्हाडात कॅम्पर म्हणजे बोलेरोची डबल केबिन: पुढे-मागे माणसं, त्यामागे लहानसा डाला, आणि त्यात मावेल ते सगळं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पुण्याहून दर्यापूरला आलो होतो. बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सोयाबीन अकोल्याला न्यायची पाळी माझी. चौदा पोती, पन्नास किलोची. म्हणजे सातशे किलो. गाडीची क्षमता टनभर. इंजिनिअर माणूस, हिशोब करून मोकळा झालो.

केबिनला लागून बोअरची जळालेली मोटर आणि पाइप होते, अकोल्यात रिवाइंडिंगला द्यायचे. त्यांच्यावर पोती नकोत म्हणून चौदाच्या चौदा मागे, फाळक्याला टेकवून रचली. बाबा तेव्हा अंघोळीला गेले होते. मागच्या सीटवर शेजारच्या दोन काकू बसल्या, त्यांना मूर्तिजापूरला उतरायचं होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. माझा लाइट लोवरच होता, त्यामुळे मी मनातल्या मनात शिव्या देत होतो.

दर्यापूर-मूर्तिजापूर रस्ता काळ्या मातीवरचा. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशाच एका लाटेवरून उतरताना वळण आलं. मी स्टेअरिंग वळवलं. गाडी वळली नाही. क्षणभर सरळच गेली, समोर एसटी. तिने हॉर्न दिला, मी ॲक्सिलरेटर सोडला, पुढची चाकं खाली टेकली आणि गाडी आपल्या बाजूला आली. काकूंपैकी एकीने माझ्या सीटची पाठ घट्ट धरलेली होती.

“थांबव,” बाबा म्हणाले. “ष्टेरिंग हलकं लागून रायलं होतं ना?”

“हो. मला वाटलं, पॉवर स्टेअरिंग आहे म्हणून...”

“गाडी मांगं बसली लेका. काहून सांगितलं नाही?”

नंतर कागदावर मांडलं. पोत्यांचा मध्य मागच्या ॲक्सलच्याही साधारण साठ सेंटिमीटर मागे. व्हीलबेस तीन मीटर. सातशे गुणिले शून्य पॉइंट सहा, भागिले तीन: १४० किलो. एवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं गेलं होतं, आणि वळवायचं काम तीच चाकं करतात. मागची बाजू खाली बसल्याने लाइटही समोरच्याच्या डोळ्यात. ते डिपर त्यासाठी होते. एकूण लोड मर्यादेत होता, म्हणून मी निर्धास्त. सर्व्हरच्या बाबतीत मी ही चूक कधीच केली नसती.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचंही तेच. वजन ट्रॉलीच्या ॲक्सलमागे गेलं की हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. अंदाजे दहा-पंधरा टक्के वजन हुकावर हवंच. ट्रॉली हलायला लागली तर वेग हळूहळू कमी करायचा, स्टेअरिंगला झटका द्यायचा नाही. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, हे वेगळं. कापसाने डोंगर झालेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री हायवेवर दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला हायवेवर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, ट्रॉल्या त्याच राहिल्या.

बाबांना जड उचलायची मनाई होती. काकूंनी पदर खोचले आणि आम्ही तिघांनी सगळी पोती रस्त्याकडेला उतरवली. पाइप बाजूला उभे बांधले, मोटर कोपऱ्यात, पोती केबिनला टेकवून आडवी, वर दोर. पाऊण तास गेला. बाबा पुढच्या चाकाशी वाकले आणि टायर व मडगार्डच्या मधे हात लावून पाहिला. रिकाम्या गाडीला तिथे वीत आणि दोन बोटं जागा असते. आता वीतच भरली.

“आता चाल. हळू.”

अकोल्यात पोचलो तेव्हा लिलाव संपला होता. रात्र गाडीतच काढली.

परवा बाबा तूर भरून निघाले. मी ऑफिसच्या जिन्यावरून फोन केला.

“पुढं किती हाय?”

“वीत,” ते म्हणाले. “अन् एक बोट. दोन पोते पुढं घेऊन रायलो, थांब.”