गोविंदपुरम् : कावेरीच्या मुलखातला विठोबा

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागले, की पहिला टप्पा तिरुविडैमरुदूरचा. तेथील महालिंगस्वामींचे भव्य शिवालय पाहावे आणि पुढे निघावे. थोड्याच वेळात एक उंच शिखर दिसते. दाक्षिणात्य गोपुर नव्हे, चक्क मराठी वळणाचे! हेच गोविंदपुरम्चे विठ्ठल-रुक्मिणी मंदिर. प्राणप्रतिष्ठा २०११ सालची.

शेवटचा टप्पा बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीचा. नाममहिमा सांगणारे कांची पीठाचे हे आचार्य १६९२ मध्ये येथेच समाधिस्थ झाले, असे परंपरा सांगते. पुढे ती जागा नदीच्या वाळूत हरवली. मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी वाळूला कान लावला, आतून रामनाम ऐकू आले आणि समाधी सापडली, अशी कथा आहे.

तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, पण त्या काळात रुजलेले अभंग टिकले. तमिळ भजनी मंडळी आजही तुकोबांचे अभंग आपल्या लिपीत लिहून घेऊन गातात. एखादा शब्द अडतो. ‘विठ्ठल’ मात्र कधीच अडत नाही. दर्शनाला तर जावेच, पण परमुलखात जपलेली आपली मराठी ऐकण्यासाठीही घटकाभर तेथे बसावे.