उभ्या झाडाची किंमत

पोलादपूर तालुक्यातील कुडपण येथे ‘भीमाची काठी’ धबधबा पाहताना मला एक जुने कर्जप्रकरण आठवले. याच भागातील एका लाकूड व्यापाऱ्यास मी खेळते भांडवल मंजूर केले होते. तारण म्हणून वखारीतील ओंडके मोजले. डोंगरावरील उभ्या झाडांसाठी ताळेबंदात रकानाच नव्हता. कर्ज व्याजासह वेळेवर फिटले, माझे कौतुकही झाले. श्रावकास वर्ज्य पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व वनकर्म येतात, हे मला बालपणापासून पाठ होते!

२२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. पाऊस अतोनात होता, हे खरेच. परंतु माती धरून ठेवणाऱ्या मुळांचे मूल्य मी शून्य धरले होते, आणि त्या प्रस्तावाखाली सही माझी आहे.