एम.ए. की तालीम?

बी.ए. संगीत झाले, आता पुढे काय? धारवाडात हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले: भीमसेन जोशींनी कुठे एम.ए. केले? १९३६ साली ते सवाई गंधर्वांकडे शिकायला गेले. गंगूबाई हनगलही त्यांच्याकडेच, हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला तालमीला जात. गंगूबाईंचे शालेय शिक्षण तर पाचवीपर्यंतचे. खरेच आहे. पण याच गंगूबाईंना आणि गायक मल्लिकार्जुन मन्सूरांना कर्नाटक विद्यापीठाने शिकवायला बोलावले, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. आज विद्यापीठात शिकवायचे असेल तर साधारणपणे एम.ए. नंतर नेट किंवा पीएच.डी. लागते, नुसता गळा चालत नाही. म्हणून पदवी घ्यावीच, पण ती पोटासाठी आहे हे ओळखून. दोन वर्षांत परीक्षेपुरते पंचवीस राग पाठ होतात, यमन मात्र तसाच कच्चा राहतो.

मग हुबळीतल्या उणकलच्या गंगूबाई हनगल गुरुकुलात किंवा कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत राहून शिकावे का? संधी मिळाली तर जरूर. पण जागा मोजक्या, आणि घरी कमावते कोणी नसेल तर गुरुगृहीची वर्षे परवडत नाहीत. मन्सूरांनीही एचएमव्हीत आणि आकाशवाणीत काम केलेच की! माझ्या मते आधी गुरू ठरवावा, मग त्याच्या गावातले विद्यापीठ. आपल्याकडे मुले नेमके उलटे करतात, आणि वसतिगृहात सकाळी तंबोरा लावला की शेजारची खोली दार आपटते.