कांड्या

आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग गेली काही वर्षे जेवणासाठी उपलब्ध नाही. तिथे चोवीस इंच रुंदीचा एक छोटा हातमाग बसलेला आहे. पाहुणे आले की त्यांना आधी तो दाखवावा लागतो आणि मग ताटे कुठे मांडायची हे ठरवावे लागते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. विणकाम हा माझा छंद आहे. 'छंद' हा शब्द मी येथे जाणीवपूर्वक वापरते आहे, कारण या लेखातली माझी अडचण त्या शब्दापाशीच सुरू होते.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. विद्यार्थी पडद्यावरचे काळे चौकोन झाले होते. तास संपला तरी तो झाला की नाही हे कळत नसे. हाताला लागेल असे काहीतरी करावे, एवढ्याच इच्छेने आधी एक पेटी-चरखा मागवला. पेळूतून निघणारे माझे सुरुवातीचे सूत कुठे दोरखंडासारखे जाड, तर कुठे इतके बारीक की श्वासानेही तुटावे. पीळ कमी पडला की धागा सुटतो आणि जास्त झाला की तो स्वतःभोवतीच गुरफटतो. सुंभ जळले तरी पीळ जळत नाही, ही म्हण मी किती वेळा वाक्यात उपयोग करून दाखवली असेल! पीळ म्हणजे नेमके काय, हे बोटांना मात्र चाळिशीनंतर कळले. वर्षभराने माग आला.

आता दिनक्रम ठरून गेला आहे. पहाटे साडेपाच ते साडेसहा हा तास मागाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सूत रंगवायचे. फाल्गुनात गोळा करून वाळवलेली पळसाची फुले, डाळिंबाच्या साली, हिरडा, तुरटी. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेले सूत लोखंडी कढईत पडले की काळपट राखाडी होते. हळदीचा रंग सुरेख येतो, पण उन्हात टिकत नाही. सर्वांत कंटाळवाणे काम ताण्याचे. वीस इंची शेल्याला मी इंचाला बारा धागे धरते, म्हणजे २४० उभे धागे. प्रत्येक धागा मोजायचा, चौकटीच्या डोळ्यातून ओवायचा, मग फणीच्या घरातून काढायचा. एक धागा चुकला तर ती चूक शेवटच्या इंचापर्यंत सोबत येते. दोन रविवार यात जातात. प्रत्यक्ष विणणे त्या मानाने लवकर संपते.

मराठीच्या अध्यापकाला या सगळ्यात एक जादा आनंद असतो, तो शब्दांचा. कादंबरीची घट्ट वीण, भाषेचा पोत, कथासूत्र, अनुभवांची गुंफण, अर्थाची उकल, धागेदोरे: आपल्या समीक्षेचा निम्मा संसार विणकराच्या घरातून उसना आणलेला आहे. अठरा वर्षे मी वर्गात 'पोत' हा शब्द वापरत आले. माग घरात आल्यावर पहिल्यांदा लक्षात आले की पोत हा गुण कापडाला मागावर बसल्यानंतर येत नाही. सुताचा पीळ, खळीचे प्रमाण, फणीच्या घरांची दाटी, धाग्यावरचा ताण यांत तो आधीच ठरून गेलेला असतो. मागावर बसणारा माणूस आधी ठरलेल्या पुष्कळ गोष्टी फक्त पूर्ण करतो. हे मला नवे होते. नवे असायला नको होते, कारण माझे बालपण मागाच्या घरातच गेले.

नागपूरच्या पाचपावली-तांडापेठेकडच्या वस्त्यांमध्ये एके काळी घरोघरी खड्डामाग होते. आमच्याही पुढच्या खोलीत होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत. धोट्याचा खट्-खट् आवाज हीच घराची नाडी होती. मी शाळेत होते तेव्हा काम मुख्यतः जनता कापडाचे. १९७६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या या योजनेत गरिबांसाठी स्वस्त लुगडी आणि धोतरे विणली जात. सूत मिळे, मजुरी ठरलेली असे, बाजार शोधावा लागत नसे. विणकराला जगवणारी आणि त्याचे कसब जाड्याभरड्या कापडात अडकवून ठेवणारी अशी ती दुहेरी योजना होती. नव्वदीच्या दशकात ती गुंडाळली गेली. आमच्या घरातला माग त्यानंतर फार टिकला नाही. लाकूड विकले गेले, खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर सिमेंट केले. त्या सिमेंटवर माझे अभ्यासाचे टेबल आले. मी एम.ए.चा अभ्यास केला तो अक्षरशः बाबांच्या मागाच्या जागेवर बसून.

आणि आई? इतकी वर्षे मला कोणी विचारले असते की तुमच्या घरी विणकाम कोण करीत असे, तर मी 'बाबा' असेच सांगितले असते. आई कोपऱ्यात रहाटापाशी बसून कांड्या भरीत असे. स्वयंपाक, पाणी, आमचे डबे, आणि मधल्या प्रत्येक फटीत कांड्या. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसणारी, आडव्या सुताने भरलेली नळी. ती रिकामी झाली की माग थांबतो. माग थांबू नये हे आईचे काम होते. ती स्वतः मात्र मागावर कधीही बसली नाही. घरचा माग गेल्यावरही काही वर्षे ती दुसऱ्यांच्या मागांसाठी शेकड्याच्या भावाने कांड्या भरत होती. माझी परीक्षा-फी त्यातूनच जात होती, हे मला तेव्हा ठाऊक होते आणि नंतर मी ते विसरले.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. माझा माग पाहून ती फक्त एवढेच म्हणाली, "काहून वं बाई हे? नोकरी सुटली का तुही?" त्यानंतर तिने त्याच्याकडे पाहिलेच नाही. मी विणायला बसले की ती उठून देवघरात जाई. मला वाईट वाटे. मला वाटायचे, आपण घराण्याची कला पुन्हा हाती घेतली याचा तिला आनंद व्हावा. 'घराण्याची कला' हा शब्दप्रयोग माझाच होता. आईने तो कधी उच्चारला नाही. ज्या कामातून मुलीला बाहेर काढण्यासाठी डोळ्यांचे आणि गुडघ्यांचे मोल दिले, तेच काम मुलगी पगाराचे पैसे खर्चून घरी आणते, यात आनंद कसला, असे तिला वाटत असावे. तसे ती बोलली नाही.

माझा एक शेला बिघडला तेव्हा ही कोंडी फुटली. वीस इंचांवर सुरू केलेला तो मीटरभराने अठरा इंचांवर आला होता. दोन्ही काठ आत ओढले गेलेले, मधूनच दात पडल्यासारखे. मी ठोक्याचा जोर बदलून पाहिला, ताणा सैल केला, पुन्हा आवळला. आई मागून जाताना थांबली. धोटा उचलला, त्यातली कांडी काढली आणि आंगठ्याने दाबून पाहिली.

"माग नाही चुकला तुहा," ती म्हणाली. "कांडी चुकली."

मग तिने दाखवले. आधी बुडाशी उतार बांधायचा. मग थरावर थर देत टोकाकडे सरकायचे. सूत चिमटीत सारख्याच ताणाने धरायचे. किंचित ओलसर असले तर बरे. कुठे फुगवटा राहिला तर धोटा पळताना सूत तिथे अडते, झटका बसतो आणि काठ आत येतो. दोष काठावर दिसतो, पण त्याचे मूळ कांडीत असते. मी ज्या गोष्टीला 'नुसते सूत गुंडाळणे' समजत होते, तिच्यात एवढे शास्त्र होते. आईच्या हातची पहिली कांडी धोट्यात घातली आणि बाणा पाण्यासारखा वाहू लागला.

त्या रात्री मी एक हिशेब मांडला. नऊवारीची रुंदी ४८ इंच आणि इंचाला उभे-आडवे ६०-६० धागे धरले, तर एका लुगड्यात ताण्याचे सुमारे २४ आणि बाण्याचे सुमारे २४ किलोमीटर सूत जाते. बाण्याचा प्रत्येक वार आईच्या चिमटीतून गेलेला. आठवड्याला चार लुगडी निघाली तर जवळजवळ शंभर किलोमीटर. नागपूरहून उमरेडला जाऊन परत यावे, दर आठवड्याला, दोन बोटांवरून, एकाच जागी बसून. मराठीत 'बाणा' म्हणजे आडवे सूत आणि 'बाणा' म्हणजे ताठ कण्याचा अभिमानही. दोन्हींची व्युत्पत्ती एक आहे असा माझा दावा नाही. पण आडवा बाणा जन्मभर पुरवणाऱ्या बाईच्या वाट्याला दुसरा बाणा कितीसा आला, हा प्रश्न त्या रात्री मला पडला.

देशातल्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. म्हणजे 'विणकर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो, हा आपल्याच डोळ्यांचा दोष. आसामात तर घरोघरी बायकाच मागावर बसतात. तेव्हा माझ्या घराचा अनुभव सरसकट सगळीकडे लावण्याची चूक मी करणार नाही. पण हीच गणना विणकर आणि संलग्न कामगार असे दोन रकाने करते. मागावर बसणारा पहिल्या रकान्यात. ताणा करणारे, खळ देणारे, कांड्या भरणारे दुसऱ्यात. आई संलग्न. व्यवस्थेला रकाने लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. साहित्याला ते लागत नाहीत, तरी साहित्यानेही तेच केले. कबीर म्हटला की माग आठवतो. आपल्या भक्तिपरंपरेत देव कबीराचे शेले विणायला येतो. जनीच्या जात्यालाही तो हात लावतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो. कांड्या भरायला बसलेला देव मात्र माझ्या वाचनात नाही. जात्यावरच्या ओव्या लाखांनी संकलित झाल्या. "कांड्या भरताना तू काही म्हणत होतीस का?" असे मी आईला विचारले. ती म्हणाली, "मोजत होती."

आता त्या 'छंद' शब्दाकडे येते. माझा शेला दोन इंचांनी आत आला, म्हणून माझे काय बिघडले? मी तो उशीवर घातला आणि पुढचा लावला. बाबांचे कापड देताना उजेडासमोर धरून पाहिले जाई. दोष निघाला की मजुरी कापली जाई, आणि त्या आठवड्यात भाजी कमी येई. तेच लाकूड, तेच सूत, तीच हालचाल. फरक एवढाच की मला चुकण्याची मुभा आहे. छंद म्हणजे बहुधा हीच मुभा. ती मी मिळवलेली नाही; माझ्यासाठी कोणीतरी ती कांडीवर भरून ठेवली. म्हणून छंद सोडावा असे मला वाटत नाही. सोडल्याने कोणाचेच ऋण फिटत नाही. 'मी विणते' या वाक्यातला कर्ता तपासून घ्यावा, एवढेच वाटते. आपण विद्यार्थ्यांना प्रयोग ओळखायला शिकवतो. कर्तरी प्रयोग दिसायला सोपा असतो, पण तो पुष्कळ काही झाकतो.

हे सगळे समजल्यावर मी शहाणी झाले असेन, असे वाटण्याचे कारण नाही. गेल्या वर्षी विभागातल्या एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्या. त्यांना मी पळसाच्या रंगाचा शेला दिला. काठ रेघेसारखे सरळ. निरोप समारंभात सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. "तुम्ही स्वतः विणलात?" असे कोणीतरी विचारले. मी "हो" म्हणाले. एका अक्षराचे उत्तर, त्यात खोटे काहीच नव्हते.

घरी येऊन आईला सांगितले. कांड्या तुझ्या होत्या हे सांगायचे राहून गेले, असेही सांगितले. ती डाळ निवडत होती. "तूच तं विणला," ती म्हणाली. "मी काय, कांड्या भरल्या."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. पुढच्या शेल्याच्या कांड्या मात्र मी स्वतःच भरायच्या ठरवल्या. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, हे कारण मी स्वतःला दिले. रात्री उत्तरपत्रिका बाजूला ठेवून रहाटावर बसले आणि सहा कांड्या भरल्या; तिने दाखवले तसाच बुडाशी उतार बांधून, सूत ओलसर करून. त्या टोपलीत ठेवल्या आणि झोपले.

पहाटे मागावर बसले आणि पहिली कांडी उचलली. ती माझी नव्हती. टोपलीतल्या सहाही कांड्या रात्रीतून उकलून पुन्हा भरलेल्या होत्या. आंगठ्याने दाबून पाहिल्या. कुठेही फुगवटा नव्हता. आतल्या खोलीत आई गाढ झोपली होती, किंवा तसे दाखवत होती.