असतं आणि सापडतं

माझ्याकडे परवान्याची रायफल आहे हे कळलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग घराच्या दाराकडे. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी, पंचेचाळिशीतली, डोक्यावर ओढणी घेणारी बाई आणि रायफल, हे गणित जुळत नाही म्हणे. विचारणारे फार झालेत, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे नेमबाजी ही परकी गोष्ट नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही पेढे वाटले गेले. शाळेच्या मुलींना रेंजवर न्यायचं काम माझ्याकडे आलं ते दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. मुली १० मीटरवर छऱ्याच्या रायफलीने सराव करायच्या, मी बाकावर बसून निबंध तपासायची. एकदा सर म्हणाले, "मॅडम, नुसतं बसता कशाला?" तिथून सुरुवात झाली. वर्षभराने मी क्लबच्या .२२ रायफलीपर्यंत पोचले. रायफली दोन आणि रांगेत माणसं बारा-चौदा. म्हणून स्वतःची घ्यायची ठरवली.

भाईजानचा मुलगा टेक्सासला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर हसला. म्हणाला, "फुफू, .२२ काय घेतेस? मी नऊ एमएमची कार्बाइन घेतली. शनिवारी दुकानात गेलो, फॉर्म भरला, संगणकावर तपासणी झाली, घेऊन आलो." कार्बाइन म्हणजे पिस्तुलाचंच काडतूस, पण नळी लांब आणि मागे खांद्याला टेकवायचा दस्ता. हातात धरलेल्या पिस्तुलापेक्षा नेम धरणं सोपं जातं, धक्का कमी लागतो. आपण ती पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली असते, कानपूरच्या कारखान्यात बनलेली, मूळ ब्रिटिश स्टर्लिंगच्या घाटाची. आपल्या कायद्यात नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर, सामान्य माणसाच्या वाट्याला तो येत नाही. .२२ येतो. गंमत अशी की .२२ हेसुद्धा दोन्हीकडचं काडतूस आहे. राहीच्या पिस्तुलात तेच आणि स्वप्नीलच्या रायफलीतही तेच. त्यामुळे भाच्याला म्हटलं, तुझी ती मोठी बहीण असेल तर माझी ही धाकटी. फक्त तुला एक शनिवार लागला आणि मला अकरा महिने.

उर्दूच्या तासाला परवाना म्हणजे शमेभोवती घिरट्या घालणारा पतंग. कचेरीत परवाना म्हणजे कागद. घिरट्या दोन्हीकडे आहेत. अर्ज, क्लबचं पत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरांकडून शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचा दाखला, शस्त्र घरात कुलूपबंद ठेवीन अशी लेखी हमी, आणि मग पोलीस चौकशी. १९५९ चा शस्त्र कायदा, त्यावर २०१६ चे नियम, त्यावर २०१९ ची दुरुस्ती. या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं केलं. मला यातलं काहीही जाचक वाटत नाही. ज्या देशात रस्त्यावर गाडीला गाडी घासली तरी माणसं बाह्या सरसावतात, तिथे एकेका बंदुकीचा हिशोब असलेलाच बरा.

जाचक होतं ते फॉर्मवर छापलेलं नव्हतं. चौकशीला आलेले हवालदार सभ्य होते, चहाही घेतला. छापील प्रश्न संपले, पेन खिशाला लावलं, आणि मग म्हणाले, "मॅडम, कुठल्या संघटनेशी संबंध?" मी म्हटलं, "आहे ना, शिक्षक संघटनेशी. दर वर्षी वर्गणी भरते." ते हसले, मीही हसले. पण शेजारच्या देशपांडे काकांकडे ऊसशेतीसाठी घेतलेली बारा बोअर आहे, त्यांना हा प्रश्न कोणी विचारला होता का, ते काकांनाही आठवेना.

घरात खरा विरोध शौहरचा. त्यांना बंदुकीची भीती नव्हती, क्रियापदाची होती. मी भाषेची शिक्षिका, मला लगेच पटलं. पेपरात इतरांकडे शस्त्र असतं, आमच्या वस्तीत ते सापडतं. "उद्या काही झालं, कुणी फोन केला," ते म्हणाले, "तर आधी घराचा फोटो छापतील, परवाना मागाहून बघतील." दोन रात्री आम्ही यावर बोलत होतो. मी म्हटलं, म्हणूनच तर अकरा महिने घालवले. रायफलीवर कोरलेला नंबर, परवान्यावरचा नंबर आणि सरकारच्या देशभरातल्या नोंदीतला माझा क्रमांक, तिन्ही जुळतात. इतरांना हा कायदा अडवतो, मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. परवान्याच्या चार झेरॉक्स काढून त्यांनी एक वकिलाकडे, एक भाईजानकडे ठेवली. अजूनही तिथेच आहेत.

खरेदी त्या मानाने झटपट. पुण्याच्या दुकानात गेलो, त्यांनी परवाना उलटसुलट पाहिला, वहीत नोंद केली. जर्मन रायफल काही लाखांत जाते, शिक्षकाच्या पगारात तिचा फोटोच घ्यावा. मी इछापूरच्या सरकारी कारखान्याची घेतली, बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची. दस्त्याच्या लाकडाला अजून तेलाचा वास होता. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे बोल्ट काढून वेगळ्या कपाटात कुलूपबंद. दुसरं, कचेरीत नेऊन तपासून घेणं आणि नंबर चढवणं.

मग रेंज. चटईवर पालथं पडायचं, कोपरं रोवायची, ओढणी कानावरच्या मफ्सखाली नीट खोचायची, नाहीतर दस्त्यावर टेकवलेला गाल सरकतो. ५० मीटरवरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाचं बटण. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. पहिल्या पाचही गोळ्या खाली गेल्या, पण एकमेकींना धरून होत्या. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, "रायफल खरं बोलते, फक्त हळू बोलते." मागची फट थोडी वर घेतली. पुढच्या पाच मध्याजवळ आल्या, एका लिंबाएवढ्या जागेत. दुसऱ्या कंपनीची काडतुसं घालून पाहिली तर तेच लिंबू संत्र्याएवढं झालं. .२२ ची ही खोड आहे, प्रत्येक नळीला आपलं आवडतं काडतूस असतं आणि ते झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. पण काडतुसांचाही वार्षिक कोटा ठरलेला, त्यामुळे तीस गोळ्यांवर थांबले.

आमच्या रेंजवर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात. नववीतल्या सानियाने मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या, एकोणतीसच. सर काही बोलले नाहीत, वही मात्र मिटली नाही. चटई झटकली, गवत चाचपलं, मुली गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या. माझ्या हातापायांतलं पाणी गेलं, एका पितळी पुंगळीपायी. शेवटी सानियानेच माझ्या ओढणीची घडी उलगडली आणि ओरडली, "सापडली, बाई!"