उरलेलं कोणी संपवायचं?

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला, तेव्हापासून माझा चहा बिनसाखरेचा. सणावारी पुरणपोळीसुद्धा चवीपुरतीच. तरी गेल्या वर्षी एचबीए१सी तपासणी केली, तर आकडा आला ९.२! डॉक्टरांनी सातच्या आसपास ठेवायला बजावलेलं.

"अहो, पण उपाशीपोटीची तर चांगली येते!" मी म्हटलं.

"तपासणीच्या आधी दोन दिवस जेवण आवरतं घेता ना?" ते हसून म्हणाले.

अगदी खरं होतं! पण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटत जाते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तिथे दोन दिवसांची चलाखी चालत नाही.

मग साखर येत होती कुठून? आठवडाभर तोंडात गेलेला घासन् घास वहीत लिहिला. नातवाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, एकादशीची साबुदाण्याची खिचडी. ताटात दोन पोळ्या घेत होते, पोटात चार जात होत्या! अन्न टाकवत नाही हो आपल्याला.

माझी आईही अशीच. सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं संपवायची. मधुमेहाने तिच्या पायाची जाणीव गेली होती. चप्पल लागून जखम झाली ती कळलीच नाही. कळल्यावरही "लग्नघर आवरू दे, मग दाखवू" म्हणाली. शेवटी अंगठा काढावा लागला.

ते आठवलं आणि मी नियम केले. आता सगळ्यांबरोबर जेवायला बसते. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव भाग वरण-उसळीचा, उरलेला पाव पोळी किंवा भाताचा. जेवण झालं की पंधरा मिनिटं गच्चीवर चालते, ओटा नंतर. रात्री तळपाय आरशात बघते. उपास करायचा तर गोळीचं डॉक्टरांना आधी विचारते, कारण काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात. तसं झालंच तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, हे घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवलंय.

आणि उरलेलं? कणीकच बेताची भिजवते. कधी पोळी कमी पडली, तर ज्याला हवी त्याने थोडं थांबायचं. पहिले आठ दिवस धुसफूस झाली, मग सवय झाली. सहा महिन्यांनी आकडा आला ७.१.

आज रात्री पातेल्यात घासभर भात उरला, तर तो झाकून ठेवा किंवा कोणाला द्या. पण केवळ उरला म्हणून तोंडात टाकू नका, एवढंच सांगणं.