तेंच तें

माझी आई आतां नव्वदीच्या घरांत आहे. दिवेलागणीपासून निजेपर्यंत "अरे, मागचें दार लावलेंस का?" हा एकच प्रश्न ती पुन्हां पुन्हां विचारते. पहिल्या चार वेळां मी गोड उत्तर देतों. पांचव्या वेळीं माझा स्वर चढतो. "तेंच तें किती विचारशील?" असें मीं तिला अनेकदां सुनावलें आहे, आणि मागाहून मनाशीं ओशाळलोंही आहें.

अशाच एका रात्रीं विरंगुळा म्हणून मी एका नृत्याचें चित्रण पाहत बसलों. बेल्जियमची नर्तकी आन तेरेसा द किर्समाकर हिनें १९८२ सालीं ब्रुसेल्स येथें प्रथम सादर केलेली ही रचना. संगीत अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश याचें. त्याच्या १९६७ सालच्या 'पियानो फेज' मध्यें बारा स्वरांचा एकच तुकडा दोन पियानोंवर एकदमच वाजत असतो. मग एक वादक लय किंचित् वाढवितो. क्षणभर सारा गोंधळ वाटतो. परंतु तो एका स्वरानें पुढें जाऊन स्थिरावला, कीं पुन्हां मेळ जमतो, आणि हा मेळ अगदीं नवा असतो!

दोन नर्तकी हात झुलवीत गिरक्या घेतात. मागें त्यांच्या सावल्या पडतात. मधली सावली दोघींची मिळून एक. एकीची गति जराशी वाढतांच ती सावली दुभंगते, आणि कांहीं वेळानें पुन्हां एकजीव होते. हें नृत्य संगीताचा अर्थ सांगत नाहीं. संगीत ज्या नियमानें चालतें, त्याच नियमानें तें स्वतः चालतें.

पण मला खरें नवल वाटलें तें पुढें सरकणाराचें नव्हे, तर जागचा न ढळणाऱ्या दुसऱ्या वादकाचें. शेजारचा निसटत असतां आपली लय सांभाळणें किती कठीण! आपल्याकडे कथकाच्या साथीला लेहरा धरणाराचें कामही असेंच. त्याच्या तेच-तेपणावरच नर्तकाची सारी मुशाफिरी उभी असते.

इतक्यांत आंतून हांक आली, "अरे, मागचें दार लावलेंस का?" त्या रात्रीं मीं प्रथमच तो प्रश्न नीट ऐकला. मघां त्यांत धास्ती होती. आतां केवळ मी जागा आहें कीं नाहीं, एवढीच चौकशी होती. शब्द मात्र तेच.

"होय आई, लावलें," मी म्हणालों. त्या रात्रीं तरी मीं माझी लय ढळूं दिली नाहीं.